नत्थुजीची लाईन, महादेवरावांचं ऊन

वऱ्हाडात शेतावरची मोटर बंद पडली की माणूस आधी मोटरीकडे पाहत नाही. तो शेजारच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, तोंड करून ओरडतो, "लाईन हाय काय?" तिकडून "हाय" आलं तर दोष आपल्या मोटरीत. "गेली" आलं तर प्रश्न मिटला. मग फ्यूज बदलायला, तारेला हात घालायला, विहिरीत उतरायला तो मोकळा. टेस्टर खिशात असतो, पण तो सहसा बाहेर निघत नाही. शेजाऱ्याचा शब्द टेस्टरपेक्षा पक्का मानायची इथली रीत आहे आणि लोडशेडिंगच्या वर्षांनी ती घट्ट केली आहे.

जानेवारीतल्या एका ढगाळ दुपारी बाळापूर तालुक्यात, नदीकाठच्या एका शेतातून हीच हाक आली.

"ओ नत्थुजी! लाईन हाय काय?"

"गेली! आत्ताच गेली!" शेजारच्या शेतातून नत्थुजींनी उत्तर दिलं.

भागीरथाबाई तेव्हा नत्थुजींच्याच मांडवाखाली बसल्या होत्या. हाक मारणारा त्यांचा मुलगा पिंटू होता. त्यांनी प्रश्न ऐकला, उत्तर ऐकलं आणि हातातला चहा पीत नत्थुजींच्या बायकोशी, पार्वताबाईंशी, बोलणं चालू ठेवलं. जन्मभर ऐकलेला आवाज होता. कोतवाल पक्षी ओरडला असता तरी त्यांनी इतकंच लक्ष दिलं असतं.

बोलणं सौरपंपाचं होतं. पार्वताबाईंच्या घरचा अर्ज मंजूर व्हायचा होता आणि भागीरथाबाई त्यांना पंपाच्या उन्हावर वीज करणाऱ्या काचा कशा धुवायच्या ते समजावत होत्या.

"काच आरशासारखी ठेवा. वरून पाणी सोडा, खाली येऊ द्या. काचेवर धूळ बसली तं तेवढं पाणी कमी, असं समजा."

"अन् पाखरं घाण करतात त्याचं?"

"तेबी धुवा. काचेवर काही म्हणजे काही राह्यलं नाई पाह्यजे."

हे वाक्य बाईंनी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत किती अंगणांत म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. त्या साठीच्या आहेत, राहणाऱ्या वलगावच्या. राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेच्या अमरावतीतल्या कार्यालयाकडून त्या गावोगाव जातात. पंप बसला की घरच्या माणसांना तो वापरायचा कसा, हे सांगणं त्यांचं काम. नेमणूक कंत्राटी. सुरुवातीपासून कंत्राटीच.

ही संस्था ऐंशीच्या दशकात निघाली. वीज बनवणं, तारा ओढणं, बिलं वाटणं हे तिचं काम नव्हतं. ते वीज मंडळ करत होतं. हिच्या वाट्याला आलं ते ऊन, वारा, शेण आणि चुलीतून फुकट जाणारी आग. लोकांना दाखवायचं, पटवायचं, अनुदान मिळवून द्यायचं, बसवलेलं चालतं का ते तपासायचं. पहिली कित्येक वर्षं तिचा खेड्यातला चेहरा म्हणजे निर्धूर चूल होती. ही चूल बांधायला बाया हव्या होत्या, कारण परक्या पुरुषाला स्वयंपाकघरात कोण घेणार? वलगावच्या बौद्धवाड्यातली नुकतं लग्न झालेली, सातवी शिकलेली भागीरथा प्रशिक्षणाला गेली आणि चूलबाई होऊन परत आली.

पण परकी बाई आत घ्यायलाही प्रत्येक घर तयार नव्हतं. मोर्शीकडच्या एका गावात माणिकबाई नावाच्या सासूने तिला ओसरीतच थांबवलं होतं. "चूल इथंच बांध, वाळली की आमी आत उचलून नेऊ." भागीरथाने विचारलं, "अन् धुराचा पाईप? तो ओसरीतून आत कसा नेसान?" बरोबरचे साहेब म्हणाले, जाऊ द्या, पुढचं घर पाहू. भागीरथा मातीचं टोपलं घेऊन ओसरीवर बसून राहिली. शेवटी डोळे सुजलेली सून आतून म्हणाली, "येऊ द्या ना वो आत्याबाई." चूल बांधून झाली. भागीरथा बाहेर पडल्यावर माणिकबाईने सारं स्वयंपाकघर पुन्हा शेणाने सारवून घेतलं. चूल मात्र मोडली नाही. बाई हा प्रसंग सांगतात तो इतकाच, आणि पुढच्या गावाकडे वळतात.

चुलीची माती हातानेच जोखावी लागे. मूठ आवळली की बोटांचे ठसे राहिले पाहिजेत, पण पाणी सुटता कामा नये. सैल माती ओघळते, घट्ट मातीला भेगा पडतात.

पुढे घरोघरी गॅस आला आणि चुलीची योजना बंद झाली. बाईंनी बांधलेल्या चुलींपैकी काहींत नंतर कोंबड्या बसल्या. मग सूर्यचूल आली. अकोल्याच्या प्रदर्शनात काळ्या पेटीत डाळ शिजायला ठेवून बाई उभ्या राहत, आणि दर येणारा माणूस झाकण उचलून पाही, म्हणून डाळ शिजत नसे. मग सौर कंदील, मेळघाटातले रस्त्यावरचे दिवे, सरकारी कचेऱ्यांत वीज वाचवा सांगणारे मेळावे, छतावरच्या काचा आणि आता पंप. एक योजना संपली की साहेब म्हणत, बाई, पुढचं काही आलं तर कळवू. पुढचं येई आणि बाईंना निरोप येई. लोकांच्या घरात शिरायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं.

पिंटूचं तसं नव्हतं. तो पस्तिशीचा. अमरावतीच्या एका दुकानात मोटरी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळायला, शिकला आणि वलगावच्या आसपासच्या विहिरींत वीस वर्षं उतरत आला. हात चांगला. पण गावोगाव सौरपंप बसू लागले तसं त्याचं काम आटलं, कारण त्या पंपांची दुरुस्ती पुरवठादाराची माणसं करत. आईच्या कामावर त्याचा राग होता तो यासाठी. "तू काचा पुसाले शिकवतं, अन् माह्या पोटावर पाय," असं तो जेवताना म्हणे.

म्हणून महादेवरावांचा फोन आला तेव्हा बाईंनी एक गोष्ट केली जी एरवी केली नसती. महादेवराव बाळापूरकडचे शेतकरी. त्या पट्ट्यात बोअरला खारं पाणी लागतं. त्यांची नदीकाठची विहीर तेवढी गोड्या पाण्याची. तिच्यातला सौरपंप झटके देत चालायचा, थांबायचा. विहिरीतला वायरीचा जोड सैल झाला असणार. पुरवठादाराचा माणूस येतो येतो म्हणून येत नव्हता आणि हरभरा फुलावर होता. "बाई, कोणी जाणता माणूस आणा ना," महादेवराव म्हणाले. बाईंनी पिंटूला आणलं. सौरपंपाला त्याचा हात लागायची ही पहिली वेळ.

सकाळच्या एसटीने दोघं अकोल्याला आणि तिथून बाळापूरला आले. शेतावर पोचले तेव्हा आभाळ भरलेलं होतं, मधूनच ऊन पडे. ऊन पडलं की मोटर घरघरे, ढग आला की थांबे. काचांच्या सांगाड्याखाली लोखंडी पेटी होती. बंद-चालूचा खटका तिच्यात. चोरांच्या भीतीने महादेवरावांनी पेटीला मोठं कुलूप घातलेलं, आणि किल्ली घरी बायकोकडे, लीलाबाईंकडे.

"मी किल्ली घेऊन येतो. तोवर हात लावू नका," महादेवराव पिंटूला म्हणाले आणि मोटरसायकलवर गावात गेले. बाई शेजारी पार्वताबाईंकडे चहाला गेल्या. पिंटू विहिरीच्या काठावर बसला.

आणि मग ती हाक आली.

भागीरथाबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

नत्थुजींची लाईन गेली. मग पिंटूला काय त्याचं? त्याची मोटर नत्थुजींच्या लाईनवर नव्हतीच.

त्या उठल्या. "काय झालं वो?" पार्वताबाईंनी विचारलं. बाई धुऱ्याकडे निघाल्या, मग पळू लागल्या. गुडघा दुखरा होता. तुरीच्या कापलेल्या खुंटांतून पळता येत नव्हतं, पण त्या पळत होत्या. धुऱ्यावर चढताना त्यांनी एकदा वर पाहिलं. पश्चिमेकडून ढग फाटत होता. नदीपलीकडच्या बाभळी एकाएकी पिवळ्या झाल्या होत्या आणि उन्हाचा तो पट्टा शेतं ओलांडत इकडेच सरकत होता.

विहिरीच्या काठावर पिंटूच्या चपला होत्या.

बाईंनी वाकून आत पाहिलं. पिंटू खाली कपारीवर उभा होता, गुडघ्यापर्यंत पाण्यात. मोटर दोराने वर ओढून त्याने दोन पायांत अडकवली होती. जोड उघडलेला. दोन तारांची सोललेली टोकं एका हातात, तिसरी दातांत.

"पिंट्या! वायर सोड!"

त्याने तार दातांतून काढली. "काऊन?"

"सोड म्हणते ना! वर ये!"

"लाईन नाई हाय मा. नत्थुजीले विचारलं मी."

"नत्थुजीच्या लाईनचा काय संबंध? हे उन्हावर हाय!"

"मालूम हाय मले! ऊन हाय कुठी? वर पाय ना, आभाळ भरलं हाय."

तो खोटं बोलत नव्हता. विहिरीतून त्याला आभाळाचा एक गोल तुकडा दिसत होता आणि तो तुकडा करडा होता. मोटर बंद पडली म्हणजे लाईन गेली. लाईन गेली म्हणजे तास-दोन तास निवांत. वीस वर्षांचा हा हिशेब त्याने ढगालाही लावला होता. ढगाला लोडशेडिंगसारखी ठरलेली वेळ नसते, हे त्याच्या हातांना अजून कळलं नव्हतं.

"ऊन येऊन राहिलं रे! म्या पाह्यलं!"

"दोन मिंट थांब. जोड होतच आला. आता सोडला तं मोटर खाली जाईन, मंग तू काढशीन काय?"

"जाऊ दे मोटर!"

"मा, तू चूलवाली, मी मोटरवाला. मले माह्यं काम करू दे." आणि त्याने तार पुन्हा दातांत धरली.

बाईंनी मान वळवली. पट्टा नदीच्या अलीकडे आला होता. पेटीला छोटी काच होती, तिच्याआड लाल दिवा. ऊन पुरेसं झालं की दिवा हिरवा होतो आणि थोड्याच वेळात मोटर आपोआप सुरू होते. हे त्या स्वतःच सगळ्यांना कौतुकाने सांगत आल्या होत्या: बटण दाबायला जावं लागत नाही, रात्री उठावं लागत नाही, आपली आपण चालते.

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. दगड घेऊन एक घाव घातला. कुलपाला ओरखडा उठला, बाकी काही नाही.

सांगाड्याच्या पायाशी पाण्याचा पाट होता. सकाळी मोटर झटके देत चालली तेव्हाचं पाणी काळ्या मातीत मुरून चिखल झालेला. बाईंनी दोन्ही हात पाटात घातले आणि चिखल काचेवर मारला. तो ओघळला. काच पुन्हा चकचकीत. त्या दोन पावलं मागे सरकल्या, पाटाच्या काठाची माती उचलली, आवळली. बोटांचे ठसे राहिले. ती त्यांनी काचेवर थापली आणि तळव्याने ओढत नेली. माती चिकटली.

मग त्या थांबल्याच नाहीत. खालच्या रांगेतली एक काच, दुसरी, तिसरी. गोळा उचलायचा, थापायचा, ओढायचा. वरची रांग हाताला येत नव्हती. तिकडे त्या गोळे फेकू लागल्या. काही बसले, काही पलीकडे गेले. तोंडाने एकसारखं चालू होतं, "पिंट्या सोड, पिंट्या सोड," पण त्यात आता जोर नव्हता, श्वास नव्हता.

ऊन आलं. आधी त्यांच्या पाठीवर, मग काचांवर.

मोटरसायकल बांधावर थांबली. महादेवरावांनी पाहिलं ते असं, की काच आरशासारखी ठेवा सांगणारी बाई त्यांच्या नव्या काचा चिखलाने सारवते आहे.

"ओ बाई! पागल झाल्या काय? काय करून राहिल्या हे?"

"कुलूप खोला!"

"अवो पण काचा..."

"पोरगं विहिरीत हाय! वायरी हातात हाय त्याच्या! पयले कुलूप खोला!"

महादेवराव धावले. किल्ल्यांचा जुडगा होता. गोठ्याची, कोठीची, घराची, पेटीची, सगळ्या एकत्र. पहिली लागली नाही. दुसरी आत गेली, फिरली नाही. काचेआडचा लाल दिवा मिणमिणला आणि हिरवा झाला.

"हिरवा झाला बाई."

"दिसते मले! खोला!"

बाईंनी उरलेली माती दोन्ही हातांनी वरच्या रांगेवर उडवली आणि मधल्या काचेवर स्वतः आडव्या पडल्या, हात पसरून, गाल चिखलात. महादेवरावांची तिसरी किल्ली फिरली. झाकण उघडलं. त्यांनी खटका खाली ओढला.

मोटर सुरू झाली नाही. हिरवा दिवा विझला होता. तो चिखलाने विझला की खटक्याने, यावर महादेवराव आणि बाई यांचं आजही एकमत नाही.

मग विहिरीतून पिंटूची हाक आली, मोठी आणि समाधानाची.

"झाला जोड! चालू करा!"

दोघांपैकी कोणीही हललं नाही.

"ओ महादेवराव! आले काय? चालू करा ना!"

"वर ये," महादेवराव म्हणाले. "पयले वर ये बाप्पा तू."

पिंटू वर आला. काठावर बसून त्याने पाय झटकले, चपला घातल्या आणि मग काचांकडे त्याचं लक्ष गेलं. मग आईकडे. तिचं लुगडं कंबरेपर्यंत काळं, केसांत चिखल, एका तळव्यातून रक्त.

"हे काय केलं वो मा?"

बाईंनी खाली बोट दाखवलं. पिंटूने पाहिलं. जमिनीवर त्याची सावली पडली होती, काळी, काठ अगदी स्पष्ट. तो सावलीकडे पाहत राहिला. एकदा त्याने हात हलवला, सावलीचाही हात हलला.

"डोक्याले मालूम होतं मा," तो म्हणाला. "मोटर थांबली अन् तोंडातून आपोआप निघालं, लाईन हाय काय. नत्थुजी गेली म्हणले अन् मी उतरलो."

धुऱ्यावर नत्थुजी आणि पार्वताबाई येऊन उभे होते. नत्थुजींचा चेहरा पडला होता. "मले वाटलं, असंच विचारून राहिला," ते म्हणाले. "कोणी विचारलं तं सांगाचं नाई काय आता माणसानं?"

"बादली घे," भागीरथाबाई मुलाला म्हणाल्या. "काचा धू. वाळल्यावर निघत नाई ही माती."

पिंटूने बादली घेतली. पहिली बादली त्याने खालून वर मारली.

"वरून," बाई म्हणाल्या. "वरून सोड, खाली येऊ दे."

सोमवारी बाई कार्यालयात गेल्या आणि घडलं ते साहेबांना सांगितलं. बाहेरचा माणूस आणला, तो आपला मुलगा होता, हेही. साहेबांनी पंपासोबत देतात ते माहितीपत्रक काढून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलेलं होतं: दुरुस्तीपूर्वी खटका बंद करावा, कुलूप लावावे, किल्ली स्वतःजवळ ठेवावी. पत्रक बाईंनी शेकडो घरांत वाटलं होतं. ही ओळ एकाही घरात वाचून दाखवली नव्हती. त्या धुळीचं सांगत आल्या होत्या. चुलीच्या काळापासून त्यांच्या शिकवणीत पहिलं होतं ते साफ ठेवणं, आणि शेवटचंही तेच.

साहेबांनी त्यांना कामावरून काढलं नाही. त्यांच्या जागी जायला दुसरं माणूस नव्हतं, हेही एक कारण असेल.

आता बाईंचं बोलणं विहिरीपासून सुरू होतं. पिंटूने पुढे पुरवठादाराकडचं प्रशिक्षण घेतलं आणि तोही सौरपंपांची कामं करतो. मागच्या महिन्यात दोघं मोर्शीकडच्या एका संत्र्याच्या बागेत होते. मोटर अडकली होती. पिंटूने दोर बांधला, विहिरीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि सवयीने मान वळवून ओरडला, "लाईन हाय काय?"

शेजारच्या बागेतून कोणीतरी म्हणालं, "गेली!"

पिंटू उतरला नाही. पाय पायरीवर तसाच ठेवून तो आईकडे पाहत राहिला. बाई पेटीजवळ होत्या. त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं, मग पदराची गाठ वर धरून त्याला दाखवली. गाठीत किल्ली होती.

मग तो उतरला.